डे लिलीला नुसती पानं, फूल नाही. मदत हवी आहे (जरा लवकर)

ओसरीवरची · ३ जून, रात्री ११:१०

घरी डे लिली आहे, केशरी. गेल्या वर्षी जेमतेम एक दांडा आला, यंदा तोही नाही. नुसती पानं, गुडघ्याच्या वर, हिरवीगार. खत घालून झालं, पाणी रोज घालते, ऊन भरपूर आहे. नर्सरीवाल्याला विचारलं तर "येईल मॅडम, थांबा". आधी एप्रिल संपता संपता फुलायला लागायची, आता जून उजाडला, अजून किती थांबू? नेटवर पंचवीस कारणं दिलीत आणि पंचवीसही आमच्याकडे लागू होतात असं वाटतंय. नेमकं काय करू ते सांगा. सासूबाई रोज सकाळी तिच्यापुढे जाऊन उभ्या राहतात आणि काही न बोलता परत येतात. त्याचाच जास्त त्रास होतो.

कुंडीवाला · ३ जून, रात्री ११:२६

फोटो टाका.
कुंडीत की जमिनीत? किती जुनी? खत कुठलं आणि किती? "ऊन भरपूर" म्हणजे किती तास? ही माहिती नसेल तर ज्योतिषाला विचारा.

नानी म्हसरूळ · ४ जून, सकाळी ६:०२

अगं, लिलीला पाऊस लागतो. आमच्याकडे वळवाचा एक पाऊस झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुलाबी फुलांचा गालिचा. तोवर नळाचं कितीही पाणी घाल, ढिम्म हलत नाही. थांब थोडी, मृग लागू दे.

शास्त्रोक्त · ४ जून, सकाळी ७:४०

नानी, तुम्ही सांगताय ती पावसाळी लिली, झेफिरँथिस. मराठीत "लिली" म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे काय येईल याचा नेम नाही. पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या बाजारात मिळतात ती स्पायडर लिली. मे महिन्यात पानांच्याही आधी लाल चेंडू उगवतो ती फुटबॉल लिली. लग्नाच्या बुकेत असते ती खरी लिली, म्हणजे लिलियम. आणि डे लिली म्हणजे हेमेरोकॅलिस. ग्रीकमधला "दिवस" आणि "सौंदर्य" मिळून झालेला शब्द, कारण एक फूल एकच दिवस टिकतं. हल्लीच्या वर्गीकरणात ती लिलीच्या कुळातही नाही, कोरफडीच्या कुळात आहे.

ओळख सोपी आहे. कडेची माती उकरून बघा. खाली कांदा लागला तर डे लिली नाही. शतावरीसारख्या जाड, फुगीर मुळ्यांचा झुबका लागला तर आहे. आधी हे करा, मग खताचं बोलू.

ओसरीवरची · ४ जून, सकाळी १०:१५

डे लिलीच आहे हो. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळी लोळागोळा होतं. सासूबाईंनी देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातून फुटवा आणला होता. तरी उकरलं. शतावरीच.

जमिनीत आहे, इंदिरानगरला घराच्या मागच्या अंगणात. अकरा वर्षं झाली, तिथेच आहे. खत म्हणजे माळीमामा महिन्यातून एकदा मूठभर पांढरं खत टाकतात, शिवाय दिवाळीला शेणखत. ऊन आहे म्हटलं ना, दिवसभर लख्ख असतं. फोटो अपलोड होत नाहीये.

कुंडीवाला · ४ जून, सकाळी १०:२१

पांढरं खत म्हणजे युरिया. सापडला चोर. नत्राने पाला वाढतो आणि फूल मागे पडतं. महिन्याला मूठभर? अहो, ते झाड आहे की ऊस? ताबडतोब बंद करा.

कांदाभजी · ४ जून, दुपारी १२:०५

युरिया बंद करून कांद्याच्या सालींचं पाणी सुरू करा. मूठभर साली, लिटरभर पाणी, दोन रात्री भिजत ठेवायच्या, गाळून आठवड्यातून एकदा. माझा मोगरा, जास्वंद, अनंत सगळं त्याच्यावर. आमचं माहेर लासलगाव, त्यामुळे सालींना तोटा नाही.

शास्त्रोक्त · ४ जून, दुपारी १२:३०

कांद्याच्या पाण्याने नुकसान होणार नाही, पण त्यावर फूल येत असतं तर लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात बगीचा झाला असता.

मुद्द्याचं बोलू. अकरा वर्षं एकाच जागी, फुटवे कधी वेगळे केलेले नाहीत. डे लिली दर तीन-चार वर्षांनी उपटून विभागावी लागते. मुळ्यांची आत दाटी झाली की खाण्यापिण्यावरून मारामारी होते आणि फूल कमी येतं. युरिया हे दुय्यम कारण.

कांदाभजी · ४ जून, दुपारी १२:४४

येऊन माझी जास्वंद बघा आणि मग बोला.

मूकवाचक · ४ जून, दुपारी २:१०

पहिल्यांदाच लिहितोय. डे लिली थंड हवेचं झाड आहे. हिवाळ्यात कडक थंडी मिळाल्याशिवाय फुलत नाही. शिमल्याला घराघरांपुढे पाहिली. नाशकात नाद सोडा.

कुंडीवाला · ४ जून, दुपारी २:१८

आणि आधीची नऊ वर्षं अंगणात काय शिमला होता का? धागा वाचत जा.

शास्त्रोक्त · ४ जून, दुपारी २:५५

मूकवाचक अर्धे बरोबर आहेत. काही जाती हिवाळ्यात पानं गाळून झोपतात, त्यांना थंडी लागते. काही बाराही महिने हिरव्या राहतात, त्यांचं उष्ण भागात छान चालतं. कॅटलॉग बघून बाहेरून कंद मागवणारे इथेच फसतात (कंद नसतात ते, पण विकणारे म्हणतात). मात्र हिच्या बाबतीत तो प्रश्न नाही, नऊ वर्षं फुललेली आहे.

बागाईतदार निफाड · ४ जून, रात्री ९:३०

थंडी पाहिजे असेल तर आमच्याकडं या. जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, तेव्हा रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतो आम्ही, मण्यांना तडे जाऊ नये म्हणून.

ताई, मी द्राक्षवाला, फुलातलं मला कळत नाही. पण "पाला जोरात, माल नाही" हे आमचं घरचं दुखणं आहे, म्हणून लिहितो. एप्रिलात खरड छाटणी झाली की पुढच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात घड तयार होतो. डोळ्याला दिसत नाही, पण आत ठरून जातं. त्या दिवसांत काडीवर ऊन पडलं नाही, ढगाळ राहिलं की ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता वळणारा तंतू, निघते. मग ०:५२:३४ खत सोडा, नाहीतर दुकानातलं सगळ्यात महागाचं औषध आणा, गेलेला घड परत येत नाही.

तर विचारायचं इतकंच की दोन वर्षांपूर्वी फुलत होती आणि आता फुलत नाही, तर मध्ये काय बदललं? खत तेच, पाणी तेच, माळी तोच ना?

ओसरीवरची · ५ जून, सकाळी ९:४८

माळी तोच. पाणी तेच. काहीच बदललं नाही.

ओसरीवरची · ५ जून, सकाळी ९:५१

म्हणजे शेजारचा बंगला पाडून तिथे सात मजली इमारत झाली, पण ती आमच्या कुंपणाच्या पलीकडे आहे. त्याचा इथे काय संबंध?

कुंडीवाला · ५ जून, सकाळी ९:५३

🤦

कुंडीवाला · ५ जून, सकाळी ९:५४

कुठल्या दिशेला?

ओसरीवरची · ५ जून, सकाळी १०:०५

पूर्वेला. पण मागे अंधार वगैरे अजिबात नसतो, दिवसा दिवा लावावा लागत नाही.

बागाईतदार निफाड · ५ जून, सकाळी १०:४०

ताई, उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. एक दिवस घड्याळ घेऊन बसा. झाडाच्या पानावर तुमच्या हाताची सावली ठसठशीत उमटली म्हणजे ऊन. नुसता हात दिसला म्हणजे उजेड.

अण्णा सातपूर · ५ जून, दुपारी ४:२०

सात मजले? त्या रस्त्याची रुंदी किती? मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागवा. बाजूला सोडायची जागा नियमाप्रमाणे सोडली आहे का, हे टेप लावून मोजा आणि फोटो काढून ठेवा. पहिलं अपील तीस दिवसांत करता येतं. मसुदा हवा असेल तर मी देतो, मी आतापर्यंत बरेच अर्ज केले आहेत.

ओसरीवरची · ५ जून, संध्याकाळी ७:१२

काका, मला फूल हवंय, खटला नको.

आज बसले. म्हणजे सासूबाईच बसल्या, मोडा टाकून, मी मध्ये मध्ये जात होते. ऊन आलं ११:०५ ला. १:१० ला आमच्याच घराची सावली त्यावर आली. झाले दोन तास पाच मिनिटं. पूर्वी सात वाजताच ऊन यायचं, ते तेव्हा कधी मोजलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की भरपूर आहे.

शास्त्रोक्त · ५ जून, संध्याकाळी ७:४५

मग प्रश्न मिटला. साधारण सहा तासांचं थेट ऊन लागतं. दुपारनंतर थोडी सावली तिला चालते, नाशिकच्या उन्हाळ्यात बरीही वाटते, पण दोन तासांत फक्त पानंच होणार. त्यात युरिया, त्यात दाटी. तिन्ही एकत्र आले. तरी दाटीचा मुद्दा मी आधी मांडला होता याची नोंद असावी.

कुंडीवाला · ५ जून, संध्याकाळी ७:५०

नोंद घेतली. युरियाचा मी मांडला होता.

आता करायचं काय ते बघू. उपटा, फुटवे वेगळे करा, उन्हात हलवा. पाऊस यायच्या आत, याच आठवड्यात.

शास्त्रोक्त · ५ जून, संध्याकाळी ८:०२

चूक. आत्ता काढलं तर ताज्या कापांवर आठवड्याभरात पाऊस बसणार. इंदिरानगरची माती काळी असेल तर पाणी धरून ठेवते. गड्डा सडेल. ऑक्टोबरपर्यंत थांबा.

कुंडीवाला · ५ जून, संध्याकाळी ८:१०

मी दरवर्षी जूनमध्ये करतो, कुंडीत, गच्चीवर, एकही सडत नाही.

शास्त्रोक्त · ५ जून, संध्याकाळी ८:१५

कुंडीत. तुम्हीच म्हणालात. आणि कुंडीतलं पाणी निघून जातं.

खवय्या · ५ जून, रात्री १०:३०

या डे लिलीच्या कळ्या खातात ना? चिनी सूपमध्ये वाळवलेल्या घालतात असं वाचलं होतं. भजी कशी होतील?

शास्त्रोक्त · ५ जून, रात्री १०:४१

हेमेरोकॅलिसच्या कळ्या चीनमध्ये खातात, खरं आहे. पण नावात लिली आहे म्हणून दुसरं काही तळू नका. बुकेतली लिली आणि स्पायडर लिली खाण्याच्या नाहीत. आणि औषध फवारलेल्या बागेतलं तर काहीच खाऊ नका. इथे तर कळीच नाही, भजी कसली करताय?

बोकोबा · ६ जून, सकाळी ८:१९

कुणीच कसं विचारलं नाही? घरात मांजर आहे का?

डे लिली मांजरांसाठी विष आहे. पान, फूल, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. थोडंसं चघळलं तरी आधी उलट्या, मग मांजर मलूल होतं, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. मधल्या वेळात कधी कधी बरं वाटल्यासारखं दिसतं, त्याला फसू नका. खाल्ल्याचा संशय जरी आला तरी त्याच क्षणी डॉक्टरकडे. उद्या बघू म्हणायचं नाही. खऱ्या लिलीचंही तेच. कुत्र्याची मूत्रपिंडं यात जात नाहीत, मांजराची जातात.

ओसरीवरची · ६ जून, सकाळी ९:३०

बाई गं. मांजर माझी नाही, पण असते. गच्चीवर सोलरच्या टाकीखाली झोपते. आणि मी सगळी गच्चीवरच हलवायचं ठरवत होते. गेली अकरा वर्षं मागे होती तेव्हा काही झालं नाही...

बोकोबा · ६ जून, सकाळी ९:३८

नशीब समजा. गच्चीवर, तिच्या झोपायच्या जागेशेजारी नका ठेवू.

अण्णा सातपूर · ६ जून, सकाळी ११:००

सोलरच्या टाकीखाली ओल येत असेल तर स्लॅब तपासून घ्या. वॉटरप्रूफिंगचा धागा मी काढला होता, तो शोधा.

ओसरीवरची · १९ जुलै, दुपारी ३:४०

माफ करा, मध्ये लिहिणं झालं नाही. आणि ओरडू नका.

मला ऑक्टोबरपर्यंत धीर धरवला नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मामांना सांगून एक कोपरा काढला, सहा फुटवे. त्याच अंगणात, पण कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तासभर ऊन जास्त येतं, तिथे लावले. मामांनी "घट्ट बसू दे" म्हणून चार बोटं माती वर चढवली. मग पंधरा दिवस संततधार. काल एकाची पानं पिवळी दिसली म्हणून हात लावला तर पूर्ण पंखा (फुटव्याचा पानांचा झुबका) हातात आला. ओढावाही लागला नाही. खाली तपकिरी चिखल, आणि सडक्या बटाट्याचा वास. असे चार गेले. दोन उभे आहेत, पण मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

शास्त्रोक्त · १९ जुलै, दुपारी ४:०५

ओरडत नाही. माती चढवली हे घातक झालं. पानं आणि मुळ्या जिथे मिळतात तो गड्डा जमिनीखाली इंचभरच असावा, त्याहून खोल नाही. चार बोटं म्हणजे पुरलंच की. राहिलेल्या दोघांची माती आत्ता बोटाने बाजूला करा, गड्ड्याचा माथा मोकळा होईपर्यंत.

कुंडीवाला · १९ जुलै, दुपारी ४:२०

मी जमिनीत लावा म्हटलं नव्हतं एवढंच लिहून थांबतो.

कांदाभजी · १९ जुलै, संध्याकाळी ५:००

वाईट वाटलं गं. पावसात सालींचं पाणी नको घालूस, तेवढं लक्षात ठेव.

ओसरीवरची · २२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

दसरा झाला, पाऊस गेला, आता सगळी काढली. कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

गड्डा एवढा मोठा निघाला की मामांनी पहार लावली. चारी बाजूंनी खणून, खालून उचलून, वरचं ढेकूळ नळाखाली धरलं. माती गेल्यावर कळलं की आतल्या बाजूच्या निम्म्या मुळ्या पोकळ झाल्या होत्या, दाबल्या की भुईमुगाच्या रिकाम्या शेंगेसारख्या चपट्या व्हायच्या. (शास्त्रोक्तांनी ही नोंदसुद्धा घ्यावी.) हाताने हलवून हलवून सुटे केले, जिथे सुटेना तिथे विळीने कापलं. अठ्ठावीस पंखे निघाले. पानं वीतभर ठेवून कापली, पोकळ मुळ्या छाटल्या, आणि एक दिवस ओसरीवर सावलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवले, काप सुकेपर्यंत. सासूबाई शेजारी बसून मोजत होत्या, कुणी नेईल की काय म्हणून.

गच्चीवर मांजर, म्हणून वरच्या मजल्यावरची पश्चिमेची गॅलरी रिकामी केली. तिला कबुतरांसाठी जाळी लावलेलीच आहे, मांजर येऊ शकत नाही. ऊन घड्याळ लावून मोजलं, साडेबारा ते पावणेसहा. पाच मोठ्या कुंड्या, प्रत्येकी तीन पंखे. माती, शेणखत आणि वाळू, खाली भोकावर खापराचे तुकडे. माथा इंचभर खाली, पट्टीने मोजून. युरियाची पिशवी मामांना घरी नेऊ दिली.

तेरा उरलेत. मागच्या अंगणात ठेवून उपयोग नाही. कुणाला हवेत? मांजरवाल्यांना देणार नाही.

बागाईतदार निफाड · २२ ऑक्टोबर, दुपारी १:१५

ताई, मला चार द्या. गोडी छाटणी चालू आहे, पुढच्या सोमवारी औषधं घ्यायला नाशकात येतो. शेडच्या दाराशी लावतो, ऊन म्हणाल तर आमच्याकडं दुसरं काही नाहीच. मांजर होतं, ते शेजारच्या वस्तीवर गेलं राहायला. हवं तर शपथ घेतो.

नानी म्हसरूळ · २२ ऑक्टोबर, दुपारी १:४०

मला दोन ठेव गं. माझ्याकडच्या पावसाळी लिलीचे कांदे देते बदल्यात.

खवय्या · २२ ऑक्टोबर, दुपारी २:०५

मलाही दोन. खाणार नाही.

कुंडीवाला · २२ ऑक्टोबर, दुपारी २:३०

पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेमध्ये कुंड्या तापतील. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि पाणी सकाळी. हिवाळ्यात बोटाने माती चाचपून मगच घाला, रोज नको. फोटो अजूनही नाही आला.

ओसरीवरची · ३० मार्च, सकाळी ७:०५

चौथ्या कुंडीत दांडा आला आहे. पेन्सिलीएवढा जाड, त्यावर नऊ कळ्या, मी दोनदा मोजल्या. बाकी चार कुंड्यांत काही नाही. निफाडच्या भाऊंचा कालच फोन आला, त्यांच्याकडे दोन दांडे आहेत, आणि ते मला सांगताना त्यांनी आवाज अजिबात खाली ठेवला नाही.

पण काल संध्याकाळपासून वरच्या कळ्यांच्या देठाशी बारीक हिरवे किडे दिसतायत, चिकटून, टाचणीच्या टोकाएवढे. हाताला चिकट लागतं. मुंग्याही चढतायत. हे काय आहे आणि काय मारू? घाई आहे, पहिली कळी आजच केशरी दिसायला लागली.

बागाईतदार निफाड · ३० मार्च, सकाळी ७:२०

मावा आहे. आमच्याकडं त्याला एकदम जोरदार औषध आहे, पाठवू का?

शास्त्रोक्त · ३० मार्च, सकाळी ७:२३

अहो, नऊ कळ्यांना द्राक्षबागेचं औषध? ताई, काही मारू नका. दांडा एका हाताने धरा आणि नळीच्या पाण्याने किडे धुऊन काढा. दोन-तीन दिवस रोज सकाळी. तरी राहिले तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, उमललेल्या फुलावर नाही.

कांदाभजी · ३० मार्च, सकाळी ७:३१

मुंग्यांसाठी हळद.

ओसरीवरची · ३० मार्च, सकाळी ७:५०

धुतले. बरेचसे गेले. सासूबाईंनी दांडा धरला होता आणि त्या म्हणाल्या, हळू, पाणी कमी कर. याबाबतीत त्या गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा काही बोलल्या.

फोटो काढलाय. अजूनही अपलोड होत नाहीये, कुणी सांगेल का कसा करायचा?